दारातला चेहरा

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, १७ नोव्हेंबर १९९६

प्रिय सुलेखाताई,

जय भीम. तू अजून असं म्हणतेस की नाही मला माहीत नाही, पण मोठ्या बहिणीच्या पत्राच्या माथ्यावर दुसरं काही लिहायला माझा हात वळत नाही. दाजींना नमस्कार, विवेकला पुष्कळ पापे. त्याला आता सहावं लागलं असेल. शाळेत रडतो का?

माझी तब्येत चांगली आहे. इथे थंडी सुरू झाली आहे. मी निघायच्या आधी तू पार्सलने पाठवलेला निळा स्वेटर रोज घालते. तो पोचल्याचं मी तुला कळवलं नव्हतं. धांदल होती असं म्हणता आलं असतं, पण एका पोस्टकार्डाला किती वेळ लागतो ते तुलाही ठाऊक आहे. बाह्या थोड्या लांब आहेत. त्या तळहातावर ओढून घेता येतात, म्हणून बरंच झालं.

आत्ता मी कपडे धुवायच्या दुकानात बसले आहे. भिंतीला ओळीने मशीन आहेत आणि माणसं समोर बसून आपापले कपडे गरगरताना बघतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "नुसतं बघत काय बसलात, तोवर भाजी तरी निवडा!"

अभ्यास बरा चालला आहे. एमएसचं दुसरं वर्ष. आमच्या युनिव्हर्सिटीचं एक म्युझियम आहे, तिथे मला काम मिळालं आहे. जुनी चित्रं दुरुस्त करण्याची एक लॅब आहे. चित्रातल्या रंगांत कोणकोणती द्रव्यं आहेत ते तपासायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम. केमिस्ट्री शिकून मी चित्रांपाशी येईन असं कुणाला वाटलं होतं? बाबांना पत्रात कळवलं, तर त्यांनी उलट विचारलं, "म्हणजे पेंटरचं काम का? मग एवढ्या लांब कशाला गेलीस, मनमाडला काय पेंटर नव्हते?"

बाबा बरे आहेत. रिटायर झाल्यापासून सकाळी विहार झाडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे.

माझ्या वरच्या बाई हेलन कोवाल्स्की. साठीच्या आहेत. पांढरे केस वर बांधून त्यात पेन्सिल खुपसतात आणि मग दिवसभर पेन्सिल शोधतात. सगळे त्यांना नुसतं हेलन म्हणतात. माझ्या तोंडून ते निघत नाही, म्हणून मी काहीच म्हणत नाही, समोर जाऊन उभी राहते. परवा त्या म्हणाल्या, "उपासना, तू अशी मांजरीसारखी येतेस ना, एक दिवस मला हार्ट अ‍ॅटॅक येणार आहे."

ताई, मला तुला एका चित्राबद्दल लिहायचं आहे. आपल्या माणसांत बायबल वाचणारी तू एकटीच आहेस.

चित्र लहान आहे, मधल्या आकाराच्या परातीएवढं. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इटलीत कुणीतरी काढलं, नाव माहीत नाही. आणि ते खरं तर चित्र नाहीच, चित्राचा कच्चा खर्डा आहे. त्या काळी चर्चसाठी भिंतभर मोठं चित्र करायचं असलं, की चित्रकार आधी तैलरंगातच असा लहान खर्डा करायचा. तो पाद्री लोकांना दाखवायचा, ते म्हणतील ते बदलायचा आणि मग पक्कं काम सुरू करायचा. तू ब्लाउजला आधी कच्चा टाका घालून बघायचीस ना, तसंच. त्यामुळे यात रंग घाईने ओढलेले आहेत. एका माणसाचा हात तर ब्रशच्या चार फटक्यांत संपवला आहे, आणि तरी तो हातच वाटतो.

हेलनबाईंची एक पद्धत आहे. नवीन माणसाला त्या आधी गोष्ट सांगत नाहीत. चित्रासमोर पंधरा मिनिटं बसवतात आणि म्हणतात, जे दिसतं ते सांग.

मी बसले. मध्यभागी शेकोटी पेटलेली आहे, कडेने शिपाई शेकत बसले आहेत. एक कामवाली बाई उभी आहे. तिने एक हात एका म्हाताऱ्याकडे लांब केला आहे. म्हातारा मागे झुकलेला, आणि त्याने आपली शाल दोन्ही हातांनी छातीशी गोळा करून घेतली आहे. उजवीकडे सगळा काळोख.

पंधरा मिनिटांनी हेलनबाईंनी विचारलं, "काय चाललंय?"

मी म्हणाले, "ही बाई खालच्या जातीची आहे. तिचा हात लागेल म्हणून हा म्हातारा शाल आवरून घेतोय. शिवला तर त्याला आंघोळ करावी लागेल."

मला यात काहीच शंका नव्हती. शाल आवरून घेणारे ते हात मी ओळखते. आईबरोबर दळण घेऊन जायचो, तेव्हा गिरणीच्या ओळीतल्या बायका पदर असाच तर गोळा करायच्या.

हेलनबाई बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझं चूक आहे. पण आता मला दुसरं काही दिसेना." आणि मग त्यांनी गोष्ट सांगितली.

ती तुला पाठ असेल. तो म्हातारा म्हणजे पेत्र, येशूचा सगळ्यात जवळचा माणूस. येशूला पकडून आत नेलं आहे आणि हा बाहेर अंगणात शेकत बसला आहे. ती बाई त्याला म्हणते, तूही त्याच्याबरोबरचाच ना? आणि तो म्हणतो, मी त्याला ओळखत नाही.

"तो शाल विटाळापासून सांभाळत नाहीये," हेलनबाई म्हणाल्या, "ओळखीपासून सांभाळतोय."

मी म्हणाले, माझी ट्रेन चुकेल. ट्रेनला अजून चाळीस मिनिटं होती.

कपडे वाळले. बाकीचं नंतर लिहिते.

बुधवार, २० नोव्हेंबर

आज लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. डब्यात पोळी आणि बटाटा. माझी पोळी अजून तुझ्यासारखी गोल होत नाही.

सोमवारी एक गोष्ट झाली, ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

त्या खर्ड्यावर धुराचा आणि धुळीचा थर होता. चर्चमधल्या मेणबत्त्या, नंतर कुणाच्या तरी घरातली चूल. हेलनबाई तो महिनाभर साफ करत होत्या. सोमवारी त्या म्हणाल्या, "ये, आज तूही हात लाव. उजवीकडचा कोपरा घे. तिथे नुसता काळोख आहे, काही बिघडायचं नाही."

मी विचारलं, "कोणतं द्रावण वापरू?"

"थुंकी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा करतात. पण नाही. बारीक काडीला कापूस गुंडाळायचा, तो जिभेवर ओला करायचा आणि चित्रावर हलकेच फिरवायचा. काळा झाला की टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. थुंकीतल्या एन्झाइम्समुळे मळ सुटतो आणि रंगाला इजा होत नाही. शेकडो वर्षं असंच करतात म्हणे.

"माझी थुंकी?" मी विचारलं. "या चित्रावर?"

"तुझी नाहीतर काय पोपची आणू?"

बाबा दर जयंतीच्या भाषणात ते गळ्यातलं मडकं सांगतात, ते तुला आठवत असेल. आपल्या माणसाची थुंकी रस्त्यावर पडून रस्ता बाटू नये म्हणून. त्यांचं ते वाक्य आलं की आपण दोघी खाली बघायचो. ताई, मी कापूस जिभेवर ठेवला आणि माझं तोंडच कोरडं पडलं. हेलनबाईंना वाटलं मला किळस आली. त्यांनी आपली लिंबाची गोळी दिली आणि म्हणाल्या, "चोख. सुटेल पाणी." मी त्यांना काही सांगितलं नाही. कधीतरी सांगेन.

दोन तास मी त्या काळोखावर कापूस फिरवला. सगळा मिळून हाताच्या पंजाएवढा तुकडा असेल. आधी नुसतंच करडं निघत होतं. मग एक उभी रेघ दिसली, दाराची चौकट. त्यात उजेडाचा एक ठिपका. मला वाटलं दिवा असेल. अजून चार-पाच काड्या झाल्या आणि तो ठिपका गाल झाला. मग कपाळ. मग डोळ्याच्या जागी ब्रशचं एकच गडद टिंब.

दारात कुणीतरी होतं. शिपाई त्याला आत ढकलत होते आणि त्याने मान वळवून मागे, शेकोटीकडे पाहिलं होतं.

मी काडी खाली ठेवली आणि पहिल्यांदा हाक मारली, "हेलन!"

त्या आल्या, चष्मा लावला, काढला, परत लावला. मग हळूच म्हणाल्या, "त्याने ऐकलंय. पेत्र काय म्हणाला ते येशूने ऐकलंय. आणि तो वळून बघतोय." मग त्यांनी धावत जाऊन इटलीतल्या मोठ्या पक्क्या चित्राचा फोटो आणला. त्यात सगळं तसंच आहे, शेकोटी, बाई, शाल. पण उजवीकडे दारच नाही. सपाट भिंत आहे.

"कुणी काढून टाकलं?" मी विचारलं.

"पाद्री म्हणाले असतील, गर्दी होतेय. किंवा चित्रकारालाच ते बघवलं नसेल. कोण जाणे."

हेलनबाईंनी दुपारी सगळ्या डिपार्टमेंटला बोलावलं, केक आणला, मला मध्ये उभं केलं. म्हणाल्या, हिने शोधला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असताना मी दाराकडे बघत होते.

शनिवार, २३ नोव्हेंबर

ताई, हे पत्र आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरते आहे. इतका वेळ चित्राबद्दल लिहिलं. आता जे लिहायचं होतं ते लिहिते.

जून ब्याण्णव. मी बीएस्सी झाले. आपल्या घरात पहिली, वस्तीत तिसरी. विहारात माझा सत्कार ठरला. तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि बाबांनी दोन वर्षांत तुझं नाव काढलं नव्हतं. "माझ्या पोरीने बावीस प्रतिज्ञा मोडल्या," एवढंच एकदा म्हणाले आणि मग गप्प झाले. मी मात्र गप्प नव्हते. मी एकवीस वर्षांची होते, स्टडी सर्कलमध्ये भाषणं करत होते. एक देव सोडून दुसरा धरणाऱ्यांना आपली चळवळ कळलीच नाही, असं मी माइकवर म्हणायचे, आणि समोरच्यांना मी कुणाबद्दल बोलते ते बरोबर कळायचं.

सत्काराच्या दिवशी आधी त्रिशरण-पंचशील झालं. मग पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. तेवढ्यात शुभामावशी वाकत वाकत स्टेजपाशी आल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "तुझी ताई आलीय गं. बाळ आहे कडेवर. दारातच उभीय, आत येऊ का विचारतेय. बाबांना विचारू?"

मी वर बघितलं. तू दारात होतीस. हिरवं पातळ, कडेवर विवेक, हातात डबा. गळ्यातली क्रॉसची साखळी तू पदराखाली घेतली होतीस, तरी मानेपाशी ती दिसत होती. तू मला बघून हसलीस.

शेजारी बसलेल्या पाहुण्या बाईंनी विचारलं, "कोण आहेत त्या?"

मी म्हणाले, "माझ्या ओळखीच्या नाहीत."

आणि शुभामावशीला म्हणाले, "बाबांना विचारू नका. बाबांनी आधीच सांगून ठेवलंय, ती आली तर आत घ्यायचं नाही. आणि आता त्यांच्यासमोर हा विषय काढू नका, त्यांना त्रास होतो."

ताई, बाबांनी असं काहीही सांगितलं नव्हतं. एक अक्षरही नाही. त्यांना तू आल्याचं माहीतच नव्हतं. शुभामावशीने तुला दारात जे सांगितलं ते माझं होतं. ते मी बाबांच्या तोंडी घातलं. पंचशील म्हणून अर्धा तासही झाला नव्हता, त्यात चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी मोठ्याने म्हटलं होतं.

आणि अजून एक. हे तुला माहीत असायला हवं. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपला टॉवेल टाकून ठेवला होता. सोसायटीचे एक जण बसायला आले, तर बाबा म्हणाले, "तिथं नको. आमची सुलेखा येईल." मी हे कानांनी ऐकलं. तू परत फिरल्यावर ऐकलं. तेव्हा मला स्टेजवरून उतरून पळत जाता आलं असतं, तू फार तर स्टँडच्या वळणापर्यंत गेली असशील. मी गेले नाही. माझं नाव पुकारलं होतं. मी शाल घेतली, नारळ घेतला, भाषण केलं. त्यात म्हणाले की माझ्या शिक्षणाचं सगळं श्रेय बाबांना आहे.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तू आठवीतून शाळा सोडलीस. रोज रात्री भांडी घासताना म्हणायचीस, "आज काय शिकलीस ते मला शिकव." मी तुला शिकवायचे म्हणून मला ते कळायचं. माझी डिग्री ती आहे. आणि माझ्या भाषणात तू नव्हतीस.

घरी आल्यावर बाबांनी टॉवेल झटकला, खुंटीला लावला आणि म्हणाले, "नाही आली." त्यानंतर आजपर्यंत नाही बोलले. त्यांना वाटतं, तू धाकट्या बहिणीच्या सत्कारालाही आली नाहीस. तुला वाटतं, बाबांनी तुला दारातून हाकललं. साडेचार वर्षं तुम्ही दोघं एकमेकांवर रागावून बसला आहात आणि तो राग दोघांचाही नाही. तो मी दिलेला आहे.

मागच्याच महिन्यात इथे लहूकाका आणि रमाकाकूंकडे जेवायला गेले होते. आपल्याच समाजाचे आहेत, नागपूरचे. त्यांच्या नैनाने विचारलं, "उपासनामावशी, डू यू हॅव एनी ब्रदर्स ऑर सिस्टर्स?"

"नाही गं. मी एकटीच."

"सो लकी!" नैना म्हणाली, आणि तिच्या दादाने, आयुषने, तिला उशी फेकून मारली. सगळे हसले. रमाकाकू म्हणाल्या, "एकुलती एक लेक इतक्या लांब पाठवली, तुझे बाबा धीराचेच म्हणायचे हो!" मी वरण वाढून घेतलं.

इथे तर कुणी मला काही करणार नव्हतं, ताई. तरी माझ्या तोंडून तेच निघालं. खोटं असं सवयीचं होतं. आणि सोमवारी त्या कोपऱ्यातून तो चेहरा निघाला.

मी हेलनबाईंना विचारलं, "मग पेत्राने काय केलं?"

"बाहेर जाऊन रडला."

"एवढंच?"

"नंतर कामाला लागला. पुष्कळ काम केलं."

"पण माफी मागितली का?"

त्यांनी पेन्सिलने डोकं खाजवलं. म्हणाल्या, "तसं लिहिलेलं मला आठवत नाही. येशूने त्याला नंतर विचारलं, तू माझ्यावर प्रेम करतोस का. तीनदा विचारलं. तू सॉरी आहेस का, असं कुणी विचारलं नाही."

तुला माहीत असेल तर सांग. मी तुझ्या धर्मात येणार नाही ताई, हे स्पष्ट लिहिते, उगाच तुझा गैरसमज नको. माझ्या बावीस प्रतिज्ञा माझ्या आहेत. पण मी तेव्हा म्हणायचे तसं नाही, की तुला काही कळलं नाही. तुला काय कळलं ते मी कधी विचारलंच नाही. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून तू दिवसभर उभी राहायचीस, तिथे तुला काय दिसलं, दाजी कसे भेटले, तू हे का केलंस. दुसऱ्या माणसाला पंधरा मिनिटं नीट बघावं, मग बोलावं, हे शिकायला मला सात समुद्र ओलांडावे लागले.

आज सकाळी पोस्टात गेले होते. बाबांचं पत्र टाकलं. त्यात हे सगळं लिहिलं आहे, ओळख नाकारली तेही आणि टॉवेलचंही. बाबांना कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून पाटीवर लिहितात तेवढं मोठं अक्षर काढलं, सात पानं झाली. ते आधी टाकलं आणि मगच हे पुरं करायला बसले. कारण मी तुला ओळखते. आधी फक्त तुला लिहिलं असतं, तर तू उलट टपाली कळवलं असतंस, "झालं ते झालं, बाबांना सांगू नकोस, त्यांना तुझा केवढा अभिमान आहे." लहानपणी माझ्या हातून कंदिलाची काच फुटली तेव्हा मार तू खाल्लास. या वेळी मी तेवढी जागा ठेवलेली नाही.

बाबा काय करतील मला माहीत नाही. कदाचित माझं पुढचं पत्र उघडणार नाहीत. ते मी सोसेन, ते माझ्या वाट्याचं आहे. मला लगेच माफ करू नकोस. तुला राग येऊ दे, त्या दिवसाचा राग तू चुकीच्या माणसावर खर्च केलास, आता योग्य माणसावर कर. उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहीत राहीन.

मनमाडला जायचं की नाही ते तू ठरव. मी जा म्हणत नाही, तो हक्क मला नाही. फक्त बाबा दारातून परत पाठवतील या भीतीने थांबणार असशील, तर थांबू नकोस. ते तुला कधी 'नको' म्हणालेच नव्हते.

दाजींना हे पत्र वाचायला दे. विवेकला मात्र मोठा झाल्यावर मी स्वतः सांगेन, त्यालाही मी त्या दिवशी दारातून परत पाठवलं होतं.

मला एक सख्खी मोठी बहीण आहे. नाव सुलेखा, नगरला असते. उद्या रमाकाकूंकडे जाऊन हे सांगणार आहे, नैनासमोर.

तुझी, तू म्हणशील तर,
उपासना